आपले कागद आणि संकोचनाचे तंत्र

जुना कागद संगणकात साठवायचा म्हणजे त्याची फाइल लहान करावी लागते. ही लहान करण्याची क्रिया तंत्रज्ञांची. तीत चळवळीने लक्ष घालण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे की लक्ष घातलेच पाहिजे. कारण ही क्रिया दोन प्रकारची असते. एकीत कागदाच्या चित्रातला प्रत्येक ठिपका जसाच्या तसा परत मिळतो. दुसरीत तो मिळत नाही; मिळाल्याचा भास मात्र होतो. ज्याच्या घरी पुराव्याचे दहा कागद आहेत त्याला या फरकाची फिकीर नसली तरी चालेल. आपल्या माणसाकडे बहुधा एकच कागद असतो.

पुराव्याचा हा भार कोणावर आहे, ते प्रथम पाहू. जात प्रमाणपत्र देणे व त्याची पडताळणी करणे यासंबंधीचा महाराष्ट्राचा कायदा सन २००० चा. त्याच्या कलम ८ प्रमाणे जात सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्याची असते. त्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या पलीकडचा कागद शोधावा लागतो. म्हणजे ज्या आजोबा-पणजोबांना शाळेच्या उंबऱ्याबाहेर बसवले गेले, त्यांच्याच शाळेच्या दाखल्यावर नातवाचे शिक्षण अवलंबून राहते. गायरानाचेही तसेच. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने, १४ एप्रिल १९९० पर्यंत मागासवर्गीय भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. त्यासाठी पुरावा कोणता? तलाठ्याच्या गाव नमुना १-ई मधली नोंद आणि भरलेल्या दंडाची पावती. दंडाची पावती हाच हक्काचा आधार! १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात वस्त्या जाळल्या गेल्या, तेव्हा घरांबरोबर घरातल्या पेट्याही जळाल्या. त्यातून जे उरले ते किती मोलाचे, हे वेगळे सांगायला नको.

मी सोयगावात शिकवतो. आजच्या छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद जिल्ह्यातला हा अगदी उत्तरेकडचा तालुका. अजिंठ्याची लेणी याच तालुक्यातल्या लेणापूरच्या शिवारात आहेत. पलीकडे लगेच जळगाव जिल्हा सुरू होतो. स्वातंत्र्यापूर्वी ही नुसती जिल्ह्याची हद्द नव्हती. इकडे निजामाचे हैदराबाद संस्थान आणि तिकडे इंग्रजी अमलातला खानदेश अशी दोन राज्यांची हद्द होती. सोयरिकी मात्र दोन्हीकडच्या. त्यामुळे एकाच कुटुंबाच्या पिशवीत उर्दू शिक्क्याचा, फसली सनाचा एक कागद आणि खानदेशातला मराठी किंवा मोडीतला दुसरा कागद निघतो. २०२३ साली मराठवाड्यातल्या निजामकालीन कुणबी नोंदींसाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा अशा कागदांचे मोल साऱ्या महाराष्ट्राच्या ध्यानात आले. आपल्या वस्तीला ते त्याआधीपासून ठाऊक होते.

आता अर्ज संगणकावरून भरायचे. फाइल अमुक केबीच्या आत असावी, अशी अट असते. मुलगा दुकानात जातो, दुकानदार एक बटण दाबतो आणि फाइल बसते. त्या बटणामागे काय घडते, ते समजून घेतले पाहिजे.

काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये कागद म्हणजे ठिपक्यांची चौकट असते. प्रत्येक ठिपका एकतर काळा, नाहीतर पांढरा. तिसरी शक्यता नाही. ए-फोर आकाराचा कागद ३०० डीपीआयवर, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके या हिशेबाने स्कॅन केला, तर आडवे २४८० आणि उभे ३५०८ ठिपके पडतात. एकूण झाले ८६ लाख ९९ हजार ८४०. दर ठिपक्याला एक बिट आणि आठ बिटांचा एक बाइट धरला, तर पान सुमारे १० लाख ८७ हजार बाइटचे होते. एक मेगाबाइटहून थोडे जास्तच. आणि यातले बहुतेक ठिपके नुसते कोरे, पांढरे असतात. संकोचनाला वाव आहे तो इथे.

यावरचा पहिला सर्वमान्य उपाय फॅक्स यंत्रांसाठी निघाला. दूरसंचाराची आंतरराष्ट्रीय समिती सीसीआयटीटी हिने १९८० साली ग्रुप ३ नावाचे मानक ठरवले. त्यातली कल्पना साधी आहे. ओळीतला प्रत्येक ठिपका न सांगता, सलग किती पांढरे आणि मग सलग किती काळे, एवढेच सांगायचे. समजा ओळीच्या एका तुकड्यात १२ पांढरे, ३ काळे, १० पांढरे, २ काळे आणि १३ पांढरे असे ४० ठिपके आहेत. मानकाच्या तक्त्यात १२ पांढऱ्यांना ००१०००, ३ काळ्यांना १०, १० पांढऱ्यांना ००१११, २ काळ्यांना ११ आणि १३ पांढऱ्यांना ००००११ असे संकेत आहेत. मोजा: ४० बिटांचे काम २१ बिटांत झाले. फॅक्सच्या ओळीत १७२८ ठिपके असतात. सबंध ओळ कोरी असेल तर ती अवघ्या १७ बिटांत मावते. आणि उलट वाचत गेलो की मूळचे ४० ठिपके नेमके परत मिळतात. यालाच लॉसलेस, म्हणजे काहीही न गमावणारे, संकोचन म्हणतात. भाकरी फडक्यात घट्ट बांधावी आणि सोडल्यावर ती तेवढीच निघावी, तसे.

या तक्त्यात कोणाला आखूड संकेत मिळाला आणि कोणाला लांब, हे पाहण्यासारखे आहे. जे वारंवार येते त्याला आखूड, जे क्वचित येते त्याला लांब, हा नियम. पण वारंवार काय येते, हे ठरवले कशावरून? त्यासाठी आठ नमुना पाने घेतली होती. टंकलिखित इंग्रजी पत्र, फ्रेंच बिल, फ्रेंच मजकुराची दाट पाने, आकृत्या, एक जपानी पान, हस्ताक्षरातली एक नोंद. देवनागरी पान त्यात नव्हते. रोमन अक्षराची उभी रेघ फॅक्सवर दोन-तीन ठिपके जाड असते, म्हणून दोन आणि तीन काळ्या ठिपक्यांना सर्वांत आखूड, दोन-दोन बिटांचे संकेत मिळाले. आपल्या शब्दावर शिरोरेषा असते, म्हणजे लांबलचक काळी आडवी ओळ. २६ ते ६३ ठिपक्यांच्या काळ्या ओळीला या तक्त्यात १२ बिट लागतात. तितक्याच पांढऱ्या ओळीला आठाहून जास्त कधीच लागत नाहीत. मराठी पानाला जागेचा हा जादा आकार द्यावा लागतो. यात मजकुराचे नुकसान काही नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु जगासाठी मापे ठरतात तेव्हा नमुना म्हणून कोणाचे पान टेबलावर असते, हा प्रश्न आपण विचारायला शिकलो आहोत. तो इथेही विचारता येतो.

१९८४ साली आलेल्या ग्रुप ४ ने हा जादा आकार पुष्कळसा कमी केला. छापील अक्षराची एक ओळ तिच्या वरच्या ओळीसारखीच असते. उभ्या काठीच्या कडा खाली खाली जाताना जागेवरच राहतात. म्हणून ग्रुप ४ प्रत्येक ओळ वरच्या ओळीशी ताडून पाहतो. कड वरच्या कडेच्या बरोबर खाली असेल तर एकच बिट लिहायचा. एक ठिपका डावीकडे किंवा उजवीकडे सरकली असेल तर तीन बिट. शिरोरेषेची पहिली ओळ महाग पडते, पण तिच्या खालच्या ओळी जवळजवळ फुकट निघतात. त्या आठ नमुन्यांतले पहिले पान, म्हणजे इंग्रजी पत्र, मूळ ५ लाख १३ हजार बाइटांचे होते. ग्रुप ४ मध्ये ते सुमारे १८ हजारांवर आले. दाट मजकुराची पाने सात-आठ पटींनी लहान होतात. आणि हे सारे एकही ठिपका न गमावता.

ग्रुप ४ मध्ये एक दोष आहे. प्रत्येक ओळ वरच्या ओळीवर टेकलेली असल्याने फाइलमधला एक बिट जरी बिघडला तरी तिथून खालचे पान विस्कटते. ग्रुप ३ मध्ये ओळ संपल्याची खूण असते, त्यामुळे तो पुन्हा सावरू शकतो. पण ग्रुप ४ चा बिघाड निदान डोळ्यांना दिसतो. पान फाटले आहे, हे पाहणाऱ्याला कळते, आणि तो दुसरी प्रत शोधतो. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

१९९३ साली जेबिग नावाचे मानक आले. त्याने ठरीव तक्ता टाकून दिला. पुढचा ठिपका काळा असण्याचा संभव किती, हे ते शेजारच्या दहा ठिपक्यांवरून ठरवते आणि पान वाचता वाचता आपला अंदाज सुधारत जाते. म्हणजे पान मराठी असेल तर ते मराठी पानाकडूनच शिकते. वर सांगितलेले इंग्रजी पत्र त्यात सुमारे १५ हजार बाइटांत बसले. हेही पूर्णपणे लॉसलेस.

खरा घोळ होतो तो पुढच्या पायरीवर. २००० साली जेबिग-२ आले. त्यात लॉसलेस मार्ग आहेच, पण आणखी एक युक्ती आहे. पानावर एकाच आकाराचे अक्षर शंभर वेळा येते. मग शंभर वेळा त्याचे ठिपके साठवायचे कशाला? एकदा त्याचा छाप साठवावा आणि बाकी ठिकाणी तोच छाप लावावा. इथपर्यंत ठीक. पण स्कॅन केलेली दोन अक्षरे तंतोतंत सारखी कधीच नसतात. म्हणून यंत्राला ‘जवळजवळ सारखे’ असे माप द्यावे लागते. ते माप सैल ठेवले की दोन वेगळे आकडे एकच ठरतात आणि एकाच्या जागी दुसऱ्याचा छाप बसतो.

ही केवळ शंका नाही. २०१३ च्या ऑगस्टमध्ये डेव्हिड क्रीझल या जर्मन संगणकतज्ज्ञाने हे जगापुढे मांडले. एका घराच्या नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळे १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर अशी होती. झेरॉक्स कंपनीच्या वर्कसेंटर यंत्रावर तो नकाशा स्कॅन केला तेव्हा तिन्ही खोल्यांवर १४.१३ असाच आकडा आला. दुसऱ्या एका तक्त्यात ६ चे ८ झाले होते. आकडे पुसट नव्हते, फाटलेले नव्हते. स्वच्छ, ठळक आणि खोटे होते. कंपनीला यंत्रांची आज्ञावली बदलावी लागली. पुढे २०१५ साली जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधल्या अधिकृत यंत्रणांनी अभिलेखांच्या कामात जेबिग-२ वापरू नये अशी भूमिका घेतली.

आपल्या बोलीत ‘झेरॉक्स’ म्हणजे हुबेहूब नक्कल. झेरॉक्सवर साक्षांकन झाले की तिला सत्यप्रत म्हणायचे, ही आपली रीत. त्या विश्वासालाच इथे तडा जातो. देवनागरीत धोका कुठे आहे, तेही पाहू. आकड्यांवर शिरोरेषा नसते. ते सुटे सुटे आकार असतात, आणि पुसट कागदावर १ व ९, ५ व ६ एकमेकांच्या जवळ जातात. गट क्रमांक ६१ चा ६९ झाला तर दंडाची पावती शेजाऱ्याच्या गटाची ठरते. अक्षरांत धोका वेगळा. शिरोरेषेने अख्खा शब्द एकाच आकारात जोडला जातो, आणि आकार जेवढा मोठा तेवढा त्यातला एका मात्रेचा फरक लहान भासतो. फाटलेले पान पाहणारा माणूस सावध होतो. स्वच्छ पान पाहणारा अधिकारी सावध का होईल? तो अर्जदारालाच विचारील, मूळ कागदाशी हे का जुळत नाही? आणि पुराव्याचा भार पुन्हा अर्जदारावर.

इथवर संकोचनाचा विचार झाला. परंतु लॉसलेस या शब्दाचे वचन मर्यादित आहे. आपण जे ठिपके त्याच्या स्वाधीन करतो तेवढेच तो जपतो. त्याआधी, स्कॅन करतानाच जे गेले, त्याला तो जबाबदार नाही. कागद खरा काळा-पांढरा नसतो. तो पिवळा पडलेला असतो, शाई निळी किंवा तांबूस झालेली असते, शिक्का जांभळा असतो, कोपऱ्यात पेन्सिलीची खूण असते. यंत्र एक उंबरठा ठरवते: याहून गडद ते काळे, याहून फिके ते पांढरे. उंबरठा चुकला की शिक्का जातो आणि सही जाते. शिवाय ‘डाग साफ करा’ अशी एक सोय असते. ती एकटे पडलेले लहान ठिपके पुसून टाकते.

आता आपल्या लिपीचा विचार करा. मांग, चांभार, भंगी: या तिन्ही नोंदी अनुस्वारावर उभ्या आहेत. अनुस्वार म्हणजे एकटा ठिपकाच. तो अर्ध्या मिलिमीटरचा धरला तर ६०० डीपीआयवर त्याची रुंदी बारा ठिपके होते, ३०० वर सहा आणि १०० वर फक्त दोन. दोन ठिपक्यांचा डाग यंत्राला कचरा वाटला तर नवल नाही. मग ‘मांग’चे ‘माग’ होते. उर्दू कागदांची गोष्ट याहून बिकट. तिथे बे, पे, ते ही अक्षरे नुक्त्यानेच ओळखायची, आणि आकड्यातला शून्य तर नुसता ठिपकाच असतो. फसली सन १३५०, म्हणजे आपले १९४०-४१ साल. त्यातला ठिपका पुसला की १३५ उरतात. एवढ्या सफाईने १० ऑगस्ट १९५० च्या पलीकडचा एक भक्कम पुरावा निकामी होतो.

मग आपण करायचे काय? मी माझ्या विद्यार्थ्यांना जे सांगतो तेच इथे मांडतो. पहिली प्रत नेहमी रंगीत किंवा करड्या छटांची घ्यावी, निदान ३०० डीपीआयवर. बारीक अक्षर किंवा उर्दू असेल तर ६०० वर. ती टिफ या प्रकारात, लॉसलेस ठेवावी. ती मोठी होईल, होऊ द्यावी. ही आपल्या घरची मूळ प्रत. ती कोणत्याही अर्जाला जोडायची नाही. अर्जासाठी तिच्यावरून काळी-पांढरी प्रत करावी, उंबरठा डोळ्यांनी पाहून ठरवावा, डाग साफ करण्याची सोय बंद ठेवावी, आणि संकोचन ग्रुप ४ चे निवडावे. साध्या टंकलिखित पानाची अशी प्रत बहुधा काही दहा केबींतच बसते. म्हणजे केबीची अट पाळण्यासाठी ठिपक्याचा बळी देण्याची गरजच सहसा पडत नाही. शिक्क्याचा रंग दाखवणे आवश्यक असेल तर मात्र रंगीत प्रतच द्यावी.

पीडीएफ म्हटले की निर्धास्त होऊ नये. पीडीएफ ही पिशवी आहे. आत ग्रुप ४ असू शकतो, जेबिग-२ असू शकते, किंवा फोटोंसाठी केलेले, अक्षरांच्या कडा विटवणारे जेपेगही असू शकते. बाहेरून ओळखता येत नाही. पॉप्लर नावाच्या विनामूल्य साधनसंचात पीडीएफइमेजेस नावाची आज्ञा आहे. ती ‘लिस्ट’ हा पर्याय देऊन चालवली की प्रत्येक चित्रापुढे त्याचा प्रकार लिहून येतो. संगणकाच्या विद्यार्थ्याला हे पाच मिनिटांचे काम आहे. व्हॉट्सअॅपवर कागद फोटो म्हणून पाठवू नये, डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. फोटो वाटेत दाबला जातो. प्रत तयार झाली की तारीख, गट क्रमांक, जात आणि नाव या चार गोष्टी मूळ कागदाशी बोट ठेवून ताडाव्यात. प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. आणि स्कॅन झाला म्हणून मूळ कागद कधीही टाकू नये.

हे केवळ दाखल्यांपुरते नाही. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाला, ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’, २४ नोव्हेंबर १९३० ला ‘जनता’. त्यानंतर आपल्या वस्त्यांतून किती अनियतकालिके, पत्रके, स्मरणिका निघाल्या! त्या स्वस्त कागदावर छापल्या, आणि तो कागद आता तुटतो आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या समन्वयाने चाललेल्या डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने पुस्तके ६०० डीपीआयवर, काळ्या-पांढऱ्या टिफमध्ये ग्रुप ४ वापरून स्कॅन केली. मजकुरासाठी ते माप चांगले होते. छायाचित्रांसाठी मात्र काळे-पांढरे अपुरे पडते. आपली अंके स्कॅन करणाऱ्या मंडळांनी हे दोन्ही धडे घ्यावेत. मजकुराच्या पानांना ६०० डीपीआय आणि ग्रुप ४, चित्रांच्या पानांना करड्या छटा, आणि संकेतस्थळावर टाकायच्या लहान प्रतीला मूळ प्रत म्हणायचे नाही.

कार्यकर्ते, शिक्षक आणि विद्यार्थी यांच्याकडे माझी मागणी एवढीच. तालुक्याच्या प्रत्येक ठिकाणी दोन तरुण असे तयार व्हावेत की ज्यांना स्कॅन कसा करायचा हे तर येतेच, पण फाइल लहान झाली ती कोणत्या रीतीने, हेही विचारता येते. दुकानदाराला विचारा, कार्यालयात विचारा, जुन्या नोंदी स्कॅन करण्याचा ठेका कोणाला दिला असेल तर त्यालाही विचारा: संकोचन कोणते वापरले? लॉसलेस आहे काय? डाग साफ करण्याची सोय बंद होती काय? उत्तर मिळाले नाही तर लेखी मागा. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ पासून आपल्या हाती आहे. आपल्या पूर्वजांची नोंद ज्यांनी केली त्यांनी ती फार उदार मनाने केली नव्हती. एखाद्या रकान्यात एक शब्द, त्यावर एक ठिपका, एवढीच. ती आपण पुढच्या पिढीच्या हाती ठिपक्यासकट दिली पाहिजे.